अर्धी कटिंग

न्हावीकाका : खाली बस रे, खुर्ची मोडशील!

थोरला : बसू कसा? अर्धं डोकं भादरलंत आणि मशीन ठेवून पेपर वाचताय!

न्हावीकाका : मशीन तापलंय.

थोरला : थापा नका मारू. मघाशी आजोबांचे कल्ले त्याच मशीननं काढलेत.

न्हावीकाका : आजोबा मारामारीला निघाले नव्हते.

थोरला : मी कुठं तसं म्हणालो?

न्हावीकाका : पाळण्यातून उतरलास तेव्हापासून तुझे केस कापतोय. एक बट जास्त उडाली तर रुसायचास. आज म्हणतोस, सगळे काढा. का? कुणाच्या मुठीत सापडू नयेत म्हणून. मी काय काल दुकान टाकलंय?

थोरला : माहितीये तर सोडा ना! माझ्या धाकट्या भावाला सुरी मारली पुलापलीकडच्या पोरांनी. चेंडू आणायला पूल ओलांडला, एवढाच त्याचा गुन्हा. सात वाजता ते पुलाखाली येणारेत.

न्हावीकाका : सकाळी बघून आलो त्याला. तरी जायचंय? जा, दार उघडंच आहे.

थोरला : असा? एकीकडे जंगल, एकीकडे मैदान? लोक हसतील!

न्हावीकाका : हसू देत. हसण्यानं कुणी मेल्याचं ऐकलं नाही.

थोरला : समोरच्या दुकानात जातो मग.

न्हावीकाका : तो हात लावणार नाही. चौकातलाही नाही. अशाच मारामारीत गेलेल्या बेकरीवाल्याच्या पोराला स्मशानात पोचवून आलो ना आम्ही, त्याच दिवशी पुलाच्या दोन्हीकडच्या न्हाव्यांनी ठरवलं. भांडायला निघालेल्याची कटिंग कुणी पुरी करायची नाही.

थोरला : आणि ते? ते तयार होऊन येणार, मी इथं आरशात तोंड बघू?

न्हावीकाका : (फोन लावून स्पीकर सुरू करत) थांब जरा. काय रे, आहे का तुझ्याकडचा?

पलीकडचा न्हावी : बसलाय की दुपारपासून. माझंही मशीन तापलंय.

थोरला : कोण बसलाय?

पलीकडचा न्हावी : ज्यानं सुरी चालवली तोच. बोलायचं म्हणतोय.

थोरला : मला नाही बोलायचं!

पलीकडचा मुलगा : नको बोलूस. फक्त सांग, तो कसा आहे? मी घाबरवायला काढली होती रे. वाटलं, मागं सरेल. तो सरलाच नाही.

न्हावीकाका : सांग बाळा. असेल ते सांग.

थोरला : बोटं हलतात. टाके पडलेत दंडाला. रात्रभर रडत होता. माझा हात सोडत नव्हता.

पलीकडचा मुलगा : आई येतेय मला न्यायला. आधी पोलिसांत जाणार आम्ही. नंतर कधी… त्याला भेटायला येऊ का?

थोरला : नको!

पलीकडचा मुलगा : बरं.

थोरला : म्हणजे, लगेच नको. टाके निघू देत त्याचे. तुला बघून घाबरेल तो. आधी मी समजावतो त्याला.

पलीकडचा मुलगा : बरं.

न्हावीकाका : ठेवतो रे फोन. घे, डोळे पूस, टॉवेल धुतलेलाच आहे. आणि मान सरळ कर, उरलेलं उरकून टाकू.

थोरला : नको काका, एवढ्यात नको. आपली पोरं पुलाखाली न्यायला येतील, त्यांना असाच अर्धा दिसू दे मी. सात वाजून जाऊ देत.