नेलपॉलिशचा ठिपका

दातांच्या दवाखान्यात, माझ्या सुजलेल्या गालाशेजारी, दोन बायकांनी एकदम किंकाळी फोडली.

"अगं, तू! कॉलेजच्या सुट्टीत तळ्याकाठी गोगलगायी मोजायचो आपण!"

"आणि तीच पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका! काय करतेस हल्ली?"

"बालवाडी चालवते. सहलीला प्रत्येक पोराच्या कानामागे ठिपका."

"अजून तेच?"

"उपयोग होतो गं! परवा बसमध्ये बिनठिपक्याचं पोरगं निघालं. दिलं उतरवून."

"कुणाचं होतं?"

"ड्रायव्हरचं. बस सोडून बाप मागे धावला. तू?"

"हॉटेलात आहे. एक म्हातारा रोज दोनदा नाश्ता करायचा, टोपी बदलून. लावला ठिपका टकलावर. निघाला मालकाचा सासरा!"

"नोकरी गेली?"

"छे, मालकाच्या सासूबाई खूश! म्हणाल्या, आता हरवला तरी ओळखू येईल."

"मी किती शोधलं गं तुला."

"मीसुद्धा."

आतून हाक आली, "हॉटेलवाल्या बाई, चला!"

"थांबा हो जरा! कान पुढे कर गं."

"अगं, इथे? सगळ्यांसमोर?"

"हलू नकोस. मागच्या वेळी तुला तशीच सोडली, ती चूक झाली."