हेल्मीचं कोरडं ताट

नाही हो, पातेल्यांत उरलेलं जेवण वजनात धरत नाहीत — फक्त मुलांच्या ताटांतलं, ते या बादलीत पडतं आणि बादली काट्यावर चढते. पातेल्यांचं का नाही, हे विचारायचं नसतं — मी या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी मुख्याध्यापक यॉर्मा सरांनी बजावलं होतं, पोरी, बादलीबद्दल प्रश्न नकोत. नाही विचारले मी. आता तुम्ही नगरपालिकेकडून बक्षिसाची पाटी घेऊन आलात, सगळ्यांत हलकी बादली असलेल्या वर्गासाठी — तो माझाच वर्ग, तिसरी. पृथ्वी वाचवायचा धडा मीच शिकवला, तक्तेबिक्ते लावून, आणि वर्गातल्या हेल्मीला मीच उभं केलं सगळ्यांपुढे — बघा म्हटलं, हिच्या ताटात कधी कण उरत नाही. टाळ्या वाजवल्या पोरांनी. ताट कोरडं होतं हो. चाटूनपुसून स्वच्छ नाही — कोरडं, वाढूनच न घेतलेलं. मला दिसलं नसेल? दिसलं. शेजारच्या बाकावर तर जेवते मी. पण बादली हलकी होत होती ना.

काल स्कीइंगच्या तासाला ती बर्फात बसली ती उठेचना, ओठ पांढरेफटक. काय खाल्लंस गं दुपारी, विचारलं, तर म्हणते, "बाई, मी काहीच घेतलं नाही तर काहीच वाया जात नाही. बरोबर ना?" चुकीचं असतं तर लाल शाईनं खोडलं असतं — पण मीच शिकवलेलं, काय खोडू? आणि तिनं न घेतलेलं जेवण कुठे जातं माहितीये? पातेल्यातून थेट मागच्या कचऱ्यात. काल स्वयंपाकघरात जाऊन विचारून आले. काल, पहिल्यांदा.

हे बघा, आलेच सर, आणि मागे दोघी जुन्या शिक्षिका. — हो सर, तुमचं ऐकलं मघाशीच, आधी फोटो, हेल्मी पुढे उभी राहिली की गोड दिसेल, तिच्या आईला नंतर सवडीनं सांगू. नाही सर. फोटो नाही. ती उभी राहणार नाही आणि मीही नाही. तिच्या आईला सकाळीच फोन केलाय मी — तुमचं नाव नाही घेतलं, माझं सांगितलं. आणि आजपासून माझा वर्ग पातेलीसुद्धा काट्यावर चढवणार.

 

— ती पाटी तुम्ही परत न्या, पाहुणे. आज गुरुवार, दर गुरुवारसारखं वाटाण्याचं सूप आहे. हेल्मी माझ्या शेजारी जेवणार आहे. सरका जरा, निवेल ते.