मागितली तेवढी शिक्षा

आल्चे: वोल्फर्ट कुठंय? तुमच्याबरोबर जेवायला येईल म्हणून वाटाण्याचं सूप अजून चुलीवरच ठेवलंय.

एव्हर्ट: उतरव ते. आधी बस.

आल्चे: दंड किती झाला? रविवारी, प्रवचनाच्या वेळी गुत्त्यात चाकू काढला म्हटल्यावर दंड होणारच. माझा भाऊ असला तरी.

एव्हर्ट: दंड नाही. हद्दपारी. सहा वर्षं.

आल्चे: त्याच्याशी भांडलेल्या खलाशाचा हात नुसता खरचटला होता. सहा वर्षं कुणी मागितली?

एव्हर्ट: मी.

आल्चे: तुम्ही.

एव्हर्ट: अगं, नऊ वर्षं मी या न्यू ॲमस्टरडॅम वसाहतीचा मुख्य सरकारी फिर्यादी आहे. सहा मागितली की पंच दोन देतात. दोन मागितली की दंडावर सोडतात. पाववाल्या टॉयनिसला मी फटके मागितले होते, तो नुसती माफी मागून घरी गेला.

आल्चे: मग आजच त्यांना काय झालं?

एव्हर्ट: म्हणाले, सख्ख्या मेहुण्यासाठी हा माणूस एवढी शिक्षा मागतो, ती कापली तर त्याचा अपमान होईल.

आल्चे: आणि तुम्ही ऐकत बसलात?

एव्हर्ट: बसतो कुठे? फिर्याद मांडली की मला खुर्ची सोडून बाहेर जावं लागतं. आत बोलावलं तेव्हा निकाल लिहून झाला होता.

आल्चे: आता जा. सांगा, मनात दोनच होती.

एव्हर्ट: गव्हर्नरसाहेबांना तेच सांगायला गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पाठ थोपटली. माझं पद आणखी तीन वर्षं कायम केलं.

आल्चे: आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता तो. तिकडे हॉलंडात, होर्नच्या धक्क्यावर माझ्या खांद्यावर बसून प्रत्येक जहाजाला हात करायचा. उतर म्हटलं की केस धरायचा.

एव्हर्ट: माहीत आहे.

आल्चे: जहाज कधी?

एव्हर्ट: शनिवारी. दूर कुरासाव बेटावर.

आल्चे: त्याला भेटलात?

एव्हर्ट: भेटलो. कोठडीत हसत होता. म्हणाला, भाऊजी, सहाची दोन कधी होणार? ताईला सांगा, दोन वर्षं काय, अशी जातील.

आल्चे: मग तुम्ही काय म्हणालात?

एव्हर्ट: थंडी वाजते का, विचारलं.