घरटी एक खांदा

बसा मंडळी, टेका. उभं राहून ऐकण्यासारखं काही नाही, आणि माझा घसाही बसलाय. एकच विचारतो. माणूस आजारी पडला, तर ते दुखणं कोणाचं? "ज्याचं त्याचं, महाराज!" – आलं बघा, पुढच्या रांगेतून. पुढच्या रांगेतून दर गावी हेच उत्तर येतं. बरं. मग ऐका.

घाटमाथ्यावर आंबेमाची नावाचा धनगरवाडा. वीसेक घरं. रस्ता नाही – म्हणजे निवडणुकीला येतो, निवडणूक झाली की परत जातो. कोणी आजारी पडलं की बांबूला घोंगडी बांधून डोली करायची, आणि डोंगर उतरून सडकेपर्यंत न्यायची. चार जण उचलणार, ते थकले की दुसरे चार. रीत एकच, घरटी एक खांदा. आजारी कोण, सोयरा की बांध कोरणारा भाऊबंद, हे विचारायचं नाही. सोनाबाई झोरे विधवा, घरात पुरुष नाही. ती अर्ध्या वाटेवरच्या कातळावर कळशी घेऊन उभी राहायची. तिच्या घरचा खांदा म्हणजे तेवढं पाणी. पण ती पडली, तर तिलाही डोली तीच.

दारोदार हाक द्यायचं काम तुळाजी मरगळेचं. त्याच्या बापाचंही तेच होतं. गुडघे गेलेले, पण हाक मारायला गुडघे लागत नाहीत, असं तो म्हणायचा.

आता गंगाराम आखाडे. चार पोरं, एकेक रेड्यासारखा! एकदा डोली ठेवून परत येताना तो सगळ्यांदेखत तुळाजीला म्हणाला, "तात्या, आमच्या घरात कोण पडतंय आजारी? खांदं आमचं आन् दुखणी दुसऱ्याची. किती वर्सं चालायचं हे?"

खोटं होतं का? हिशेबानं खरंच होतं! म्हणून तर पटलं. धडधाकट पाच घरं बाजूला निघाली. त्यांनी वेगळी डोली केली – लोखंडी दांडा, वर मेणकापडाचं छप्पर. देखणी डोली. उरलेल्या घरांत कोण उरलं? म्हातारे, दम्याचे, बायाबापड्या. ज्यांना डोली रोज लागायची ते एकीकडे, आणि ज्यांना उचलता यायची ते दुसरीकडे.

पुढच्याच पावसाळ्यात तुळाजीच्या बायकोचं, भागाबाईचं, पोट दुखायला लागलं. गडाबडा लोळायला लागली. तुळाजी आधी गंगारामाच्याच दारात गेला. गंगाराम काही राक्षस नव्हता, मंडळी. तो हळहळला. वेगळं ठरलंय, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं, असं काहीबाही बोलला. मग आत जाऊन ती नवी डोली घेऊन आला. "ही न्या तात्या. चांगली हाय."

डोली दिली. खांदे दिले नाहीत.

काढा, खिशातलं ते सरकारी विम्याचं कार्ड काढून बघा जरा. लॅमिनेशन केलंय ना? हीच ती डोली. दवाखान्यात गेलात की कळतं, उचलायला कोणी नाही.

म्हाताऱ्यांनी उचलली. लोखंडी दांडा, जास्तच जड. कातळापर्यंत नेली, तिथं बसले, पुढं उचलवेनाच. सोनाबाईनं कळशी भागाबाईच्या तोंडाला लावली. पाणी आत गेलं नाही, ओठावरूनच ओघळलं. तुळाजी भागाबाईच्या पायाशी बसला. रडला नाही. चिखल पुसत होता तिच्या पायांचा.

दसऱ्याच्या सुमारास गवत कापताना गंगारामाच्या थोरल्याला, मारुतीला, घोणस डसली. आली देखणी डोली बाहेर! आणि खांदे? दोन पोरं बाजारला गेलेली, एक तापानं फणफणलेलं, बाकी चार घरांतले गडी गुरांमागं रानात. आणि गंगारामानं सगळे खांदे मोजले होते, पण एक गोष्ट मोजायची राहिली होती. सगळ्यांत दणकट खांदा होता मारुतीचा, आणि तोच डोलीत निजला होता.

गंगाराम तुळाजीच्या अंगणात आला. पागोटं काढून उभा राहिला. तुळाजीच्या मनात काय आलं ते सांगू? तेच, जे तुमच्या मनात आलंय आत्ता. कातळ आला. ओठावरून ओघळलेलं पाणी आलं. पड आता तूही, असंही आलं. संत नव्हता तो, थकलेला म्हातारा होता.

मग खांबाला धरून उठला. "हाक मारायचं काम माझं हाय," तो म्हणाला. "कुणासाठी, ते ठरवायचं न्हाई."

आणि फिरला दारोदार. आले सगळे, जुनी हलकी बांबूची डोली घेऊन, आणि गंगारामही दांड्याखाली शिरला. दम्याचेही आले, चार पावलं तर चार पावलं. कातळावर सोनाबाई कळशी घेऊन उभीच होती. मारुती वाचला.

सडकेवर गंगाराम तुळाजीच्या पाया पडायला वाकला. तुळाजीनं पाय मागे घेतले. "भागीच्या वक्ताला चार खांदं कमी पडलं," एवढंच म्हणाला, आणि एकटा डोंगर चढायला लागला.

संपलं आख्यान. आता तुमचं. पगारदारांची डोली वेगळी, साहेबांची वेगळी, पैसेवाल्याची तर छपराची. आणि उरलेल्यांच्या डोलीला बांबू सरकारचा, खांदे कोणाचेच नाहीत! दणकटानं जास्त वाट खांदा द्यावा, ज्याला खांदा नाही त्यानं पाणी द्यावं, आणि डोली सगळ्या देशाची एकच असावी – एवढं साधं मागायला दिल्लीपर्यंत ओरडावं लागतं. मी ओरडून दमलो. तुम्ही अजून सुरूही केलं नाही.

उठताना शेजारच्याचं तोंड बघून घ्या. उद्या डोलीत तो असेल, नाहीतर तुम्ही. हाक आली तर दार उघडायचं. आता टाळ घ्या, आणि नाव तरी एका सुरात घ्या देवाचं. तेवढं तर वेगळं वेगळं नका करू.