शिट्टी थांबली तेव्हा

तुम्ही हसाल, पण कॉम्प्युटरपायी मी एकदाच खरा घाबरलोय. फ्लॉपीचे दिवस होते. बावडा गावातल्या आमच्या घरी मी एक प्रोग्राम लिहिला होता. त्यात बॉयलरचे आवाज सुटे सुटे बनवले होते, एका बटणावर घरघर, दुसऱ्यावर वाफेची शिट्टी. दोन्ही मिळून रेकॉर्ड करायचे होते. म्हटलं, आधी आबांना, म्हणजे वडलांना ऐकवू. त्यांचा जन्म कारखान्याच्या बॉयलरवर गेलेला.

दोन्ही बटणं दाबली. आबा खूश. "व्हय, आसंच! शिट्टी वाजतीय म्हंजी जादा वाफ भायेर पडतीय. तवर भ्या न्हाय."

स्पीकर फारच कर्कश वाजायला लागला, म्हणून मी शिट्टी बंद केली. नुसती घरघर राहिली.

आबा पांढरेफटक पडले. "शिट्टी का थांबली?"

"मीच बंद केली, आबा."

त्यांनी ऐकलंच नाही. मनगट धरून मला ओढत अंगणात नेलं आणि भिंतीआड खाली दाबलं.

"आबा, खोटा आवाज हाय त्यो!"

"त्या दिशीबी आदी शिट्टीच थांबली हुती," ते म्हणाले. "मग दोन मानसं गेली."

आत घरघर चालूच होती. प्रोग्राम मीच लिहिलेला, पण ती बंद करायला आत जायचं माझं धाडस होईना.