मशीनवर राहून गेलेली ओळ

अध्यक्ष वसंतभाऊ, भाभी, उस्मानभाऊंचे भाऊबंद आणि बाजारओळीतली सगळी मंडळी,

दुखवट्याच्या सभेत बोलणं कुणालाच सोपं नसतं. मला जास्त अवघड आहे, कारण मला आधी एक तक्रार करायची आहे. गेलेल्या माणसाची तक्रार करू नये असा शिष्टसंमत संकेत आहे. संस्कृत पाठशाळेत काढलेल्या वर्षांनी मला एवढं तरी शिकवलं. पण तक्रार गंभीर आहे आणि ती ऐकून घेणारं दुसरं व्यासपीठ गोंडपिपरीत नाही.

तक्रार अशी की माझ्या घराला दार एक आहे आणि माझ्या नावाच्या पाट्या चार आहेत.

मी मागितली होती एक. पितळेची, लहानशी, नावाखाली 'वार्ताहर' हा एकच शब्द. उस्मानभाऊंनी हातात चार ठेवल्या. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, "पंडित, मशीन एका वेळी चार कोरते. बाकीच्या तीन सुया काय रिकाम्या फिरवू? मशीनले वाईट वाटते." मशीनला वाईट वाटू नये म्हणून मी चारही घेऊन आलो. एक दारावर लागली. एक सायकलला. तिसरी आमच्या सौभाग्यवतींनी कणकेच्या डब्यावर ठोकली, त्यामुळे आमच्याकडे येणारा पाहुणा कणकेलाच वार्ताहर समजतो. चौथी कुठे आहे ते मी या सभेत सांगणार नाही. शेळीचाही काही मान असतो.

हसा, मंडळी. भाभी, तुम्हीही हसलात तरी चालेल. त्या माणसाला हसणारं गिऱ्हाईक आवडायचं.

ते मशीन तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. राजुऱ्याकडच्या एका खाणीत कामगारांचे पितळी बिल्ले कोरायला ते कधीकाळी आणलं होतं. पुढे ते भंगारात निघालं आणि उस्मानभाऊंनी ते भंगारवाल्याकडून बैलगाडीत घालून आणलं. एका बाजूला खाचा पाडलेली पितळेची अक्षरं ओळीनं बसवायची. त्या खाचांतून हातातलं टोक फिरवायचं. मधे कैचीसारख्या दांड्या. आणि दुसऱ्या बाजूला चार सुया, चार भांड्यांवर, तीच अक्षरं, लहान आकारात, एकाच वेळी. हात एक, काम चार. लग्नाच्या मोसमात वधूपक्षाची ताटं, वाट्या, गडवे त्यांच्या दुकानापुढे रांगेत असायचे आणि उस्मानभाऊ आत बसून सगळ्या मामांची नावं अमर करत असायचे.

मशीनसोबत अक्षरं आली होती ती फक्त इंग्रजी. मराठी अक्षरं उस्मानभाऊंनी स्वतः कापली, आणि ती तपासायला मला बसवलं. आमची दोस्ती तिथून. "पंडित, तुमचा हा 'क्ष' लई जागा खाते. याच्या जागेत माझा एक पुरा काका बसन." मी म्हणायचो, काका काढा, पण क्ष नीट ठेवा. ते म्हणायचे, "तुमचं काय, तुमाले काकीचं तोंड पाहाचं नाई." पुढे मुलचेऱ्याकडे सरकारनं वसवलेली बंगाली माणसं पूजेची भांडी घेऊन यायला लागली तेव्हा त्यांनी बंगाली अक्षरंही कापली. ती तपासायला मात्र मला बोलावलं नाही. म्हणाले, "यात तुमी पास नाई."

इथपर्यंत मी हसून बोललो. यापुढे मला तसं बोलता येणार नाही.

त्या मशीनबद्दल उस्मानभाऊ एक गोष्ट नेहमी सांगायचे. हात चुकला तर चार ठिकाणी चुकते. हात थांबला तर चार ठिकाणी थांबते. आम्ही ते कामाचं बोलणं समजायचो.

दाराजवळ एक बाई बसल्या आहेत. सोमीबाई, इकडे पुढे या. वसंतभाऊ, त्यांना सतरंजीवर जागा द्या. तुमच्यापैकी पुष्कळांना त्या कोण हे माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच त्यांच्या आजूबाजूची जागा रिकामी आहे. त्या नदीपलीकडून बसनं आल्या आहेत. त्यांचे यजमान झुरूभाऊ मडावी. त्यांच्या गावाचं नाव मी घेत नाही. ते गाव आधीच पुष्कळ लोकांच्या तोंडी झालं आहे.

झुरूभाऊंच्या मुलीचं लग्न चांगलं पार पडलं, म्हणून त्यांनी गावाला ताटं द्यायचं ठरवलं. तिकडची रीत तुम्हाला माहीत आहे. लग्नाकार्याची भांडी घराघराची नसतात, गावाची असतात. ज्याच्याकडे कार्य, तो नेतो. शेजारच्या गावाला लागली तर तेही नेतात. भांडी फिरत राहतात, सावकाश परत येतात, आणि कुणी कुणाला विचारत नाही. देणाऱ्याचं नाव तेवढं ताटावर असतं. म्हणजे ज्याचं नाव, त्याच्याकडे ते ताट नसतं. देऊन टाकलं म्हणून तर नाव घातलं!

बाजाराचा दिवस होता. झुरूभाऊ पोत्यात स्टीलची ताटं घेऊन आले. मी तिथेच बाकावर बसलो होतो. दोन ओळी ठरल्या होत्या. वर नाव, खाली 'गावास अर्पण'. उस्मानभाऊंनी चार-चार ताटं लावत सगळ्यांवर आधी वरची ओळ काढून घेतली. त्यांची पद्धतच ती. एकदा बसवलेली अक्षरं सगळ्या भांड्यांवर फिरवून घ्यायची, मग ती उतरवून दुसरी ओळ बसवायची. दुसऱ्या ओळीची अक्षरं बसवायला घेतली आणि तिकडे स्टँडवर बस लागली. शेवटची बस. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता.

झुरूभाऊ म्हणाले, "राहू द्या भाऊ. गावाची ताटं हाय, गावाले मालूम हाय."

उस्मानभाऊ म्हणाले, "अरे, पाच मिनिट थांब ना गड्या. अधुरं काम मले बरं नाई लागत."

"बस जाते ना भाऊ! रातभर काय तुमच्या मशीनवर झोपू?"

आम्ही सगळे हसलो. पोतं भरून दिलं. झुरूभाऊ पळत गेले.

आम्ही संस्कृतवाले अशा गोष्टीला अध्याहार म्हणतो. वाक्यात न बोललेला शब्द ऐकणाऱ्यानं मनात भरून घ्यायचा. झुरूभाऊंच्या गावानं तो भरून घेतला. त्या ताटांत जेवणाऱ्या प्रत्येकानं भरून घेतला.

मंडळी, तिकडच्या गावांत अंधार पडल्यावर येणारे जेवण मागतात. उजेडात येणारे जाब मागतात. दोघांच्याही खांद्याला बंदूक असते. जेवण मागितलं की वाढावं लागतं, आणि वाढायचं तर ताट लागतं. कुठल्या गावातून, कुठल्या लग्नातून, कुणाच्या हातून गेलं ठाऊक नाही, पण त्यातलं एक ताट जंगलात, अंधारात येणाऱ्यांनी सोडून दिलेल्या तळावर सापडलं. त्यावर नाव होतं. स्वच्छ, सुबक, वाचता येईल असं. उस्मानभाऊंचं अक्षर होतं ना ते.

ज्यांना सापडलं ते उजेडात येणारे, बाहेरच्या मुलखातले लोक. त्यांच्या मुलखात ताटावर नाव ज्याचं, ताट त्याचं. त्यांनी न बोललेला शब्द भरून घेतला नाही. का घ्यावा? गावात येऊन विचारलं, झुरू मडावी कोण? झुरूभाऊ म्हणाले, मीच. त्या दिवसापासून ते तुरुंगात आहेत.

सोमीबाई दुकानात आल्या तेव्हाही मी बाकावर होतो. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीनवाले भाऊ, तुमी साहेबाले सांगा ना. हे आमचं ताट नाई, गावाचं ताट हाय. आमी सांगतो तं ते म्हणते, तुमी सबन एकच."

उस्मानभाऊ उठले. मशीनवर कापड टाकलं आणि बाईंसाठी चहा सांगितला.

त्यानंतर त्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे, आणि त्याची थट्टाही केली आहे. मीही केली. गिऱ्हाईक भांडं घेऊन आलं की यांची उलटतपासणी सुरू. "भांडं कोणाचं? कोण देऊन राह्यलं? कोणाले? वापरन कोण? कुठी कुठी जाईन?" एका नवरीच्या आत्यानं ऐकवलं, "भाऊ, गडवा हाय, मुलगी नाई देऊन राह्यलो तुमाले." तरी हे सगळं कोरायचे. ताटाच्या काठाला जागा उरायची नाही. हळूहळू गिऱ्हाईक तिकडे वळलं, बिजलीच्या पेननं उभ्या-उभ्या नाव टाकून देणाऱ्याकडे. उस्मानभाऊंनी त्याची फिकीर केली नाही.

झुरूभाऊंच्या वकिलांनी सांगितलं की गावकऱ्यांचं बोलणं कोर्टाला घरचं वाटेल. बाहेरचा माणूस हवा. ही ताटं एका दिवशी, एका हातानं, गावासाठी म्हणून कोरली, हे सांगणारा. उस्मानभाऊ लगेच हो म्हणाले. मग या बाजारओळीतले हितचिंतक एकेक करून दुकानात आले. नावं घेत नाही, समोरच बसलेत. "काऊन फसता उस्मानभाऊ? इकडले पकडतीन नाई तं तिकडले. आपण बाजारचे माणसं." उस्मानभाऊंनी प्रत्येकाला चहा पाजला आणि प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. "ओळ माही राह्यली, तुमची नाई."

त्यांचा बेत तर मशीनच टेम्पोत घालून कोर्टात न्यायचा होता. "जजसाहेबासमोर चार ताटं एकदम काढून दाखवतो. मंग कोण नाई म्हणते?" वकिलांनी हात जोडले तेव्हा तो रद्द झाला. मग साक्षीची तालीम सुरू झाली. दुकानात. मी जज, मीच सरकारी वकील. साक्षीदार स्टुलावर. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पंडित, जजसारखं बसा. जज काय मांडी घालते का?"

सगळी उत्तरं ते ठणठणीत द्यायचे. मशीन कसं चालतं, सुया किती, ताटं कुणी आणली. मग मी सरकारी वकील व्हायचो आणि विचारायचो, "ताटं गावाची होती, तर मग गावाचा उल्लेख का कोरला नाही?"

इथे ते स्टुलावर बसल्या बसल्या लहान व्हायचे. आणि म्हणायचे, "बस लागली होती, साहेब."

मी म्हणायचो, उस्मानभाऊ, हे फार साधं वाटतं. कोर्टात पटणार नाही. थोडं वेगळ्या शब्दांत सांगा.

"दुसरं काय सांगू? बस लागली होती."

मी किती वेळा विचारलं असेल. दर वेळी तेवढंच. आणि मंडळी, खरं सांगू? दर वेळी मला ते जास्त पटत गेलं. एखादा माणूस तुरुंगात का आहे, तर बस लागली होती. खोटं बोलणारा माणूस याच्यापेक्षा चांगलं कारण शोधेल.

साक्ष पुढच्या महिन्यात होती. गेल्या आठवड्यात दुकानातच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. जीपमध्ये घातलं, चंद्रपूरला न्यायला निघालो. भाभी, वाटेत ते तुमचंच बोलत होते, हे मी तुम्हाला सांगितलं. सगळं सांगितलं नाही. ते माझा हात धरून असंही म्हणाले, "पंडित, तुमी पण होते ना बाकावर."

होतो. मी बाकावर होतो. झुरूभाऊ काय म्हणाले ते मी ऐकलं. ती बस मी पाहिली. वकिलांचा परवा निरोप आला. "आता बाहेरचे साक्षीदार तुम्हीच उरलात, याल का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

वार्ताहर म्हणून मी तिकडच्या गावांत फिरतो. सायकलनं, एकटा. दोन्हीकडची माणसं मला ओळखतात. आजवर दोन्हीकडे मी त्यांच्या कामाचा नव्हतो म्हणून सुखरूप होतो. साक्ष दिली की मी कुणाचा तरी माणूस होणार, मग ते खरं असो वा नसो. घरी दोन मुली आहेत. आणि मी तुमच्याहून वेगळा नाही. 'काऊन फसता' हे वाक्य मी बोललो नाही, एवढंच. मनात ते माझ्याही आलं होतं.

उस्मानभाऊंच्या आत्म्याची मला काळजी नाही. त्या माणसानं स्टुलावर बसून जेवढं खरं सांगितलं, तेवढं पुष्कळांना आयुष्यभर सांगता येत नाही. मशीनचीही काळजी नाही, लोखंड कुठे जात नाही. सोमीबाई, आज तुमच्यासमोर, या सगळ्यांसमोर 'मी येईन' एवढं म्हणून टाकावं, म्हणजे मागे फिरायला वाट उरणार नाही, असं ठरवून मी बोलायला उभा राहिलो. इतकं बोललो. ते दोन शब्द तेवढे तोंडातून निघत नाहीत. कोर्टात माझ्या नावाचा पुकारा होईल आणि मी तिथे नसेन, याची मला भीती वाटते. ही एकच माझी खरी काळजी आहे.

मंडळी, उस्मानभाऊंसाठी आपण उठून उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नये.