तासभर वाजलेली बेल

काकू, आणि मैदानावरच्या सगळ्यांनो, सरांच्या शोकसभेत इथे उभं राहायची माझी लायकी नाही. बोलता तर मुळीच येत नाही. तरी थोडं ऐकून घ्या.

लोपीस सर आपले पीटीचे मास्तर. ते डोपिंग कंट्रोल ऑफिसरही होते. म्हणजे खेळाडूने औषधबिवषध घेतलंय का, ते तपासायला लघवीचा नमुना घेणारे. आपण त्यांना ‘बाटलीवाले’ म्हणायचो. तोंडावर. ते म्हणायचे, “रिकामी परत नेत नाही, लक्षात ठेव.”

मी चारशे मीटर पळायचो. तेव्हा खोली तुळिंजला. नंतर सुरत, गोवा, आता सातिवलीत कारखान्याच्या गाळ्यावर पॅकिंग... ते राहू दे.

चाचणीसाठी रोज सकाळी सहा ते सात मी घरी असणार, असं मीच लिहून दिलेलं. सर आले. बेल वाजली. आधीच्या दोन चाचण्या चुकलेल्या, ही तिसरी; वर्षात तीन चुकल्या की बंदी. आणि चार दिवसांपूर्वी मी इंजेक्शन घेतलेलं. दाराच्या भिंगातून सर दिसले. मागे सरकलो, तर स्टीलचं भांडं पडलं. केवढा आवाज! सर थांबले. मी थांबलो. मधे फक्त दार. मग पुन्हा बेल. पुन्हा बेल. तासभर.

माझ्यावर बंदी आली. मी तुम्हाला सांगितलं, सर आलेच नाहीत. तुम्ही माझी बाजू घेतलीत. “काय मास्तर, बिछान्यातूनच बेल वाजवली काय?” असं कुणी विचारलं, आठवतंय? चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, सरांची बायको म्हणून काकूंशी बोलणं कुणी टाकलं? सर गप्प. खेळाडूबद्दल बाहेर बोलायचं नाही, हा त्यांच्या कामाचा नियम.

गेल्या वर्षी पाचूबंदरला भेटले.

“काय रे, मांजर पाळलंयस?”

“नाही, सर.”

“मग भांडं कोणी पाडलं?”

“सर, त्या दिवशी मी...”

“मला नको सांगू. ज्यांना खोटं सांगितलंस, त्यांना सांग.”

सांगतो, सांगतो म्हणत वर्ष गेलं. सर गेले. आता कुठेही बेल वाजली की मी आडोसा शोधतो. परवा गाळ्यावर जेवणाची बेल झाली आणि मी खोक्यांमागे जाऊन बसलो. हसू नका.

सर आले होते. तासभर उभे होते. मी आत होतो. काकू, भांडं मी पाडलं.

आता सगळे उठूया. दोन मिनिटं शांत राहूया. मोबाइल बंद करा, कुणाचाच वाजू नये. आणि हॉलचं मागचं दार... तेवढं कुणीतरी उघडं ठेवा.